सरकीचा कौल

अमरावतीच्या कापूसबाजारात नत्थुजी मापाऱ्याचा आवाज तीन गल्ल्या ओलांडून जाई. अमेरिकेतल्या लढाईमुळे विलायतेच्या गिरण्यांना कापूस मिळेनासा झाला होता आणि सगळ्या जगाची नजर अचानक वऱ्हाडच्या काळ्या मातीवर पडली होती, तेव्हाची ही गोष्ट. कार्तिकापासून चैत्रापर्यंत बाजारात गाडीला गाडी लागलेली असे. त्या गर्दीत आणि धुळीत मापाऱ्याने ओरडायचेच असते. पहिल्या मापाला "एक" न म्हणता "लाभ" म्हणायचे आणि मग दोन, तीन, चार असे खड्या आवाजात मोजत जायचे, म्हणजे देणारा, घेणारा आणि नुसता बघणारा अशा तिघांनाही ऐकू गेले पाहिजे. या ओरडण्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती. तक्रार होती ती बाजार उठल्यावरही नत्थुजीचा आवाज उतरत नसे याची.

घरी आल्यावर भाजीत मीठ कमी पडले तर तो ओरडे, जास्त पडले तर ओरडे, आणि बरोबर पडले तर काल असे का नव्हते म्हणून ओरडे. त्याची बायको रुख्मिणी बारा वर्षे हे ऐकत आली होती. दिवाळीच्या पाडव्याला मात्र ओरडण्यावर भागले नाही. पागोट्याची घडी कुणी विस्कटली, एवढ्या कारणावरून त्याने हातातला पितळी लोटा फेकला. भिंतीलाच मारला होता, असे तो पुढे शपथेवर सांगत असे, आणि ते खरेही असेल. पण लोटा आणि भिंत यांच्या मध्ये रुख्मिणी होती. कपाळाला खोक पडली. तिचा भाऊ पंजाबराव दुसऱ्या दिवशी भाऊबीजेला अकोल्याकडून आला होता, त्याच्या गाडीत बसून ती निघून गेली.

नत्थुजी आठ दिवसांनी तिला आणायला गेला. दारातच त्याने कान पकडले, आईची शपथ घेतली. रुख्मिणी उंबऱ्याच्या आतच उभी होती.

"तुमच्या शपथा मायापाशी लय जमा झाल्या," ती म्हणाली. "आता मले शपथ नको. ज्याईचा शबूद चार लोकं मानते, अशी मानसं तुमच्या रागाले जामीन राह्यले, तर येतो मी. नाई त नाई."

रागाला जामीन! बैलाला जामीन मिळतो, शेताला मिळतो. नत्थुजीला तिथल्या तिथे राग आला, आणि आपल्याला राग आला आहे हे तिला दिसले, हेही त्याला दिसले. तो हात हलवत परत आला.

असा जामीन कुठे मिळेल हे त्याला पुंजारामबुवाने सांगितले. पुंजारामबुवा हा रिद्धपूरच्या वाटेवरच्या एका गावचा म्हातारा शेतकरी, महानुभाव पंथाचा. भेटेल त्याला "दंडवत" घालायचा आणि खोटे बोलायचे नाही, हे त्याचे दोन नेम. मागल्या साली एका वाटसरूला त्याने चुकून भलतीच वाट सांगितली, तर प्रायश्चित्त म्हणून म्हाताऱ्याने तीन दिवस अन्न सोडले होते. त्याचा कापूस नत्थुजीच मोजून देई. बाजारात नत्थुजी ज्याच्यावर कधी ओरडला नाही असा हा एकच माणूस होता.

"आमची येक सभा हाय," बुवा म्हणाला. "स्वभाव सुधरवाची. तिथं भाऊ झाला म्हंजे सगये भाऊ तुया वागनुकीले जामीन राह्यते. तसा नेमच हाय. मी तुयं नाव सुचवतो."

या सभेचे नाव "सुशीलवर्धक बंधुमंडळी". गावातले लोक तिला "गुपचूप सभा" म्हणत, कारण आत काय चालते ते बाहेर सांगायचे नाही अशी शपथ होती. ही काढली भगवंतरावांनी. भगवंतराव कचेरीत कारकून, मूळचे पुण्याकडचे. छावणीत नोकरीला असताना साहेबलोकांची अशीच एक बंद दाराची सभा त्यांनी ओसरीवरून पाहिली होती. ओसरीवरून जेवढे दिसले तेवढे त्यांनी अमरावतीत आणले, आणि दिसले नाही ते मनाने घातले. दारावर एक भाऊ तुतारी, म्हणजे बैल हाकायची टोचणी, घेऊन उभा राही. आत शिरताना डावा जोडा आधी काढायचा, उजवा मागून. त्याचा सुशीलाशी काय संबंध हे कुणी विचारले नाही. बैठक भरे ती खुशालराव नावाच्या जमीनदाराच्या वखारीत, बाजाराच्या दुसऱ्या दिवशी दुपारी, कापसाच्या ढिगांमध्ये. मंडळीत तेव्हा सात जण होते.

नव्या माणसाला घ्यायचे की नाही हे सरकीवर, म्हणजे कापसाच्या बियांवर ठरे. साहेबलोक म्हणे पांढऱ्या आणि काळ्या गोट्या टाकतात. भगवंतरावांनी पहिल्यांदा काही सरकी शाईत बुडवून पाहिली. पण ज्याने नकार दिला त्याची बोटे काळी होत आणि सगळे गुपित उघडे पडे. तेव्हा खुशालरावाने तोड काढली की शेणमाती चोळून वाळवलेली सरकी वापरावी, तिचा रंग बोटाला लागत नाही. पुंजारामबुवा नेमका त्याच सुमाराला मंडळीत आला होता. "बुवा, आपण शेतकरी," भगवंतराव म्हणाले, "सात दाणे साधे आणि सात शेणमाती चोळलेले, असे दर वेळी आपणच आणत चला." बुवा मान हलवून आणू लागला. प्रत्येक भावाने दोन्हींतला एकेक दाणा घ्यायचा, फडक्याखाली हात घालून एक दाणा तांब्यात टाकायचा आणि दुसरा मुठीतच ठेवून बाहेर नेऊन फेकायचा. तांब्यात एकही मळका दाणा निघाला तर उमेदवार नापास. कोणी टाकला हे विचारायचे नाही, सांगायचे नाही. सांगेल त्याचे नाव मंडळीतून उतरवायचे. तीनदा नापास झालेल्याचे नाव पुन्हा घ्यायचे नाही.

कौलाआधी दोन महिने नत्थुजीला नेम लावून दिला. राग आला की उपरण्याला एक गाठ मारायची आणि बैठकीच्या दिवशी गाठी भावांपुढे मोजून दाखवायच्या. पहिल्या आठवड्यातच उपरण्याचा दोर झाला. बाजारातली पोरेसोरे विचारू लागली, "नत्थुभाऊ, विहिरीवर चालला काय?" आणि त्यावर आणखी एक गाठ बसे. पण माणूस हट्टाला पेटला होता. गाठ मारायला दोन्ही हात लागतात, आणि दोन्ही हात गुंतले की फेकायला काही उरत नाही, हे त्याच्या ध्यानात आले. पौषात गाठी निम्म्या झाल्या. माघात त्याने चारच दाखवल्या आणि भगवंतराव "वा!" म्हणाले.

मग पहिला कौल झाला. नत्थुजीला आत बोलावले. भगवंतरावांनी तांब्या पांढऱ्या फडक्यावर उपडा केला. सहा दाणे केसाळ, पांढुरके, सरकी काढायच्या चरख्यातून निघतात तसे. सातवा शेणमाती चोळलेला, काळपट.

"मंडळीचा कौल प्रतिकूल आहे," भगवंतराव म्हणाले आणि दाणे गोळा करू लागले.

नत्थुजीने सातही तोंडांकडे पाहिले. कुणी वर बघेना. एकट्या पुंजारामबुवाचे तोंड रागाने लाल झाले होते. तो इतर सहा जणांकडे असा बघत होता, की त्यांनी त्याच्या डोळ्यांदेखत गाय मारली असावी. बाहेर आल्यावर त्याने नत्थुजीच्या पाठीवर हात ठेवला. "बोलाची बंदी हाय, बावा," तो म्हणाला, "पन मले लय वाईट वाटून रायलं." निदान एक माणूस आपला आहे, एवढे नत्थुजीला कळले.

आता हा एक दाणा कुणाचा? नत्थुजीच्या डोक्यात दुसरे काही शिरेना. मापे मोजताना तो "लाभ" म्हणे आणि मनात म्हणे, जैनुद्दीन. मंडळीतल्या व्यापारी जैनुद्दीनशी त्याचे मागच्या हंगामात वाजले होते. त्याच्या गाडीतला कापूस ओला आहे, असे नत्थुजीने भर बाजारात बोंबलून सांगितले होते. झाले, त्याचाच हा डाव. नत्थुजी दोन दिवस धुमसला, दोन गाठी मारल्या आणि तिसऱ्या दिवशी जैनुद्दीनच्या दुकानी जाऊन हात जोडून उभा राहिला. "मागल्या साली मी बोललो, माफ करा."

जैनुद्दीन हसायला लागला. "अरे, माफी कायची? तो कपास ओलाच होता. गाडीवानानं रस्त्यात पानी मारलं होतं. तू वरडला म्हून मले मालूम पडलं, नाई त मायं नाव खराब झालं असतं. तुयावर कायचा गुस्सा? मी त उलट..." आणि शपथ आठवून त्याने जीभ चावली. नत्थुजीला चहूकडून हरल्यासारखे झाले. एवढी मान वाकवली, ती चुकीच्या दारात.

चैत्रात दुसरा कौल. सहा पांढुरके, एक काळपट. "कौल प्रतिकूल."

या खेपेला नत्थुजीने खुशालरावाला धरले. खुशालराव या दोन वर्षांत कापसावर असा वर आला होता, की त्याच्या बैलांच्या शिंगांना चांदीच्या शेंब्या होत्या. त्या शेंब्यांवरून नत्थुजीने एकदा त्याला चार माणसांत शिवी दिली होती. माणूस गर्विष्ठ, विसरला नसेल. नत्थुजी तीन दिवस त्याच्या ओट्यावर जाऊन बसला. पहिल्या दिवशी खुशालराव झोपले होते, दुसऱ्या दिवशी पाहुण्यांत होते. ओट्यावर ऊन यायचे, नत्थुजी सरकून बसायचा आणि दातओठ खायचा. तिसऱ्या दिवशी भेट झाली. नत्थुजीने शिवीसकट सगळा प्रसंग सांगितला, म्हणजे ती शिवी त्याला दुसऱ्यांदा द्यावी लागली, आणि माफी मागितली.

"कोनची शिवी?" खुशालराव कान कोरत म्हणाला. "मले त रोजच कोनी ना कोनी देते. तुयी याद नाई बा मले." त्याने नोकराला पाणी आणायला सांगितले आणि आत निघून गेला.

अशाने माणूस वेडा होतो. शत्रू समोर असला तर त्याच्याशी भांडता येते, पाय धरता येतात. नत्थुजीला शत्रूच सापडत नव्हता. ज्याच्या दारात जावे त्याच्या मनात राग नव्हताच. त्याने मंडळीतल्या आणखी तिघांशी जुनी भांडणे मिटवली. एकाने तर भांडण मिटते आहे म्हणून जेवायला घातले. रागाची गाठ आता महिन्याला एखादी पडत होती. ज्या कामासाठी मंडळी निघाली ते काम होऊन चुकले होते, आणि मंडळी त्याला दारातून आत घेत नव्हती.

बाजार थंडावला तसा तो अकोल्याकडे गेला. बैलगाडीने दोन मुक्काम. रुख्मिणी भावाच्या अंगणात चरख्यावर रुईपासून सरकी वेगळी काढत बसली होती. तिने बसायला घोंगडी दिली, पाणी दिले. नत्थुजीने झाले ते सांगितले. तो हळू बोलत होता. तिचा चरखा मध्येच थांबला.

"आवाज बसला काय तुमचा?"

"नाई. मीच बसवला."

ती थोडी हसली असे त्याला वाटले. मग ती म्हणाली, "सहा जन हो म्हनते, आन् येकजन दोनदा नाई म्हनते. त्यानं तुमच्यात काय पाह्यलं असंन?"

"काई नाई पाह्यलं! कोनाचं तरी जुनं..."

"तुमाले तरी मालूम हाय काय?" ती म्हणाली. "शाना मानूस असंन तो. सहाईले नाई दिसलं ते त्याले दिसलं असंन. मले तेच दिसलं होतं. त्याचा हो आल्याबगर मी कशी येऊ?" तिचा हात कपाळाकडे गेला आणि तिने पदर सारखा केला. हे भांडण्यासाठी म्हटलेले नव्हते. तिला खरेच भीती वाटत होती, आणि ती कुणा न दिसणाऱ्या माणसाच्या एका दाण्याने दुप्पट केली होती. नत्थुजीने उपरणे हातात घेतले, पण गाठ मारावीशी वाटली नाही. हा राग नव्हता. त्याला रडायला येत होते.

वैशाखात तिसरा आणि शेवटचा कौल झाला. आदल्या दिवशी नत्थुजीने डोके भादरून घेतले, धुतलेले धोतर नेसला. उपरणे कोरे होते, मागच्या कौलापासून एकही गाठ नव्हती. भगवंतरावांनी ते उपरणे सगळ्या भावांना दाखवले आणि छोटे भाषण केले. मग दाणे पडले, तांब्या उपडा झाला, आणि फडक्यावर सहा पांढुरके आणि एक काळपट दाणा पसरला. पुंजारामबुवा उठला, कुणालाही दंडवत न घालता जोडे हातात घेऊन निघून गेला. नत्थुजीने विचारले, "आता?" भगवंतराव म्हणाले, "आता नियमाप्रमाणे आपले नाव घेता येत नाही." घरी येऊन नत्थुजीने कोरे उपरणे खुंटीला टांगले.

पंधरा दिवसांनी बुवाने निरोप धाडला, पाऊस यायच्या आधीची धूळपेरणी आहे, हाताखाली ये. नत्थुजी गेला. बाजार बंद होता, आणि बसून डोके फिरायची पाळी आली होती. बुवाच्या अंगणात उघडी खाट टाकली होती. तिच्या सुंभावर बुवा शेणमातीच्या काल्यात भिजवलेली सरकी घासत होता. तशी घासली म्हणजे केस बसतात, दाण्याला दाणा चिकटत नाही आणि पेरताना नळीतून एकेक मोकळा खाली जातो. वऱ्हाडात ही गोष्ट पोराला चालता येण्याआधी कळते. बाजूला साध्या केसाळ सरकीची रास पडली होती.

"ते बी घासू काय?" नत्थुजीने विचारले.

"नाई, ते ढोराईची. पेराची तेवढीच घासाची." बुवाने मूठभर काळपट दाणे वर उचलले, चांगले दाणे निवडले आणि त्याचा चेहरा एकदम रडवेला झाला. "नत्थु, आता मी त्या सभेत काई जात नाई, म्हून सांगतो. लय कठोर मानसं हायेत. मी तिन्ही खेपा असा चोयलेला दाना टाकला. घरून निवडून न्यायचो तुयासाठी. आन् त्या सहाई जनाईनं तीनदा तुले ढोरापुढं टाकलं! येकाच्याई मनात आलं नाई, का याले पेरावं."

नत्थुजी हातात शेणकाला घेऊन तसाच उभा राहिला.

सुरुवातीला त्याला नीट कळलेच नाही. मग कळले, आणि पायापासून डोक्यापर्यंत आग गेली. सात महिने! जैनुद्दीनच्या दारात जोडलेले हात, खुशालरावाच्या ओट्यावरचे ते ऊन, रुख्मिणीचा कपाळाकडे गेलेला हात. हा म्हातारा! याने! आणि समोर बुवा भिजलेल्या डोळ्यांनी त्याच्याकडे बघत होता, जगात तुझा असा मी एकटाच, अशा नजरेने. नत्थुजीच्या घशाशी आवाज आला, बाजारातला, तीन गल्ल्या ओलांडणारा. अरे म्हाताऱ्या, मळका दाणा म्हणजे नाही! सहा जणांनी हो म्हटले होते, तूच मला बुडवलेस!

तेवढे म्हटले असते तर बुवाने काय केले असते, हे नत्थुजीला पक्के ठाऊक होते. एका वाटसरूची वाट चुकवली तर तीन दिवस अन्न सोडले. इथे एका घराची वाट तीनदा चुकवली होती. सत्तरीचा देह. तो पुन्हा ताटावर बसला नसता.

"येतो बुवा, बांधावरून," एवढे बोलून नत्थुजी शेताच्या पार टोकाला गेला आणि तिथे आभाळाकडे तोंड करून जो ओरडला, की पलीकडच्या शिवारातली बैलजोडी बिथरली. शिव्या नव्हत्या, शब्दही नव्हते. घसा फाटेस्तोवर ओरडून तो परत आला आणि खाटेवर बसून सरकी घासू लागला.

"काय झालं?" बुवाने विचारले.

"रानडुक्कर होतं," नत्थुजी म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तो भगवंतरावांच्या कचेरीच्या ओसरीवर गेला. त्याने आडून विचारले. समजा, एखाद्या भावाकडून दाण्याची चूक झाली असली, तर?

भगवंतरावांचे डोळे चमकले. "म्हणजे आपल्याला कळले तर! कोण?"

"नाव नाई सांगत. चूक झाली एवढं सांगतो."

"नाव पाहिजे. मग सगळे सोपे आहे. त्या गृहस्थाने भर सभेत उभे राहून कबूल करावे, की आपण तीन वेळा चुकीचा कौल दिला आणि वर तो बाहेर फोडला. शपथभंग म्हणून त्याचे नाव उतरेल आणि आपले चढेल. त्याच दिवशी. आम्ही सातही जण, म्हणजे सहा जण, आपले जामीन."

"आन् नाव नाई सांगतलं त?"

"तर कौल प्रतिकूल आहे," भगवंतराव म्हणाले. ते मनाने वाईट नव्हते. फक्त त्यांच्या वहीत चुकीला रकाना नव्हता.

नत्थुजी ओसरीच्या खांबाला धरून उभा राहिला. एक नाव. चार अक्षरांचे. तोंडातून निघाले की उद्या गाडी जुंपून अकोल्याला, आणि आठवड्याभरात घरात चूल. त्याने तोंड उघडलेही. मग म्हणाला, "राहू द्या, रावसाहेब," आणि पायऱ्या उतरला. उतरताना त्याला आपलाच इतका संताप आला, की तो शेवटची पायरी चुकला आणि घोटा मुरगळला.

तसाच लंगडत तो अकोल्याला पोचला. पाऊस तोंडावर आला होता. रुख्मिणी अंगणातल्या गोवऱ्या पडवीत रचत होती आणि पंजाबराव गाडीचे चाक वंगणत होता. नत्थुजी जात्याच्या दगडावर बसला.

"जामीन भेटला?" तिने विचारले.

"नाई. तिसऱ्या खेपेले बी नाईच झालं. आता होत बी नाई."

पंजाबराव चाकामागून हसला. "बिनजामिनाचे कसे आले मंग, पावने? सात जनात येकाले तरी तुमचा भरोसा नसंन, त आमी बहीन कशी धाडाव? मानूस म्हून कोनी उभं करून नाई रायलं तुमाले, आन् चालले बायको न्याले."

रुख्मिणीने हातातली गोवरी तशीच धरली. हेच ते बोलणे, ज्याच्यावर पूर्वी लोटा, पाट, जे हाताशी असेल ते उडाले असते. नत्थुजीचे कान लाल झाले. तो जमिनीकडे बघत राहिला.

"तो येकजन कोन, ते तरी कयलं काय?" तिने हळूच विचारले.

"कयलं."

"कोन?"

"सांगत नाई."

"मले बी नाई?"

"तुले बी नाई. सांगतलं त त्या मानसाचा जीव जाईन. त्यानं वाईट म्हून नाई केलं." त्याने दुखरा घोटा दोन्ही हातांनी धरला. "चूक झाली त्याच्याकून. त्याले मालूम बी नाई."

ती जवळ येऊन उभी राहिली. "राग नाई आला तुमाले त्याचा?"

"आला ना!" नत्थुजी म्हणाला, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा त्याने तोंड वर केले. "येवढा आला, का बापजन्मात नाई आला. आज सहा दिस झाले, पोटात घेऊन हिंडून रायलो. झोप नाई, जेवन नाई. कुठं टाकू तो, तूच सांग."

रुख्मिणीने बारा वर्षे या माणसाचा राग पाहिला होता. तव्यावरची भाकर उलटायच्या आत तो बाहेर पडायचा. सहा दिवस! ती त्याच्या चेहऱ्याकडे बघत राहिली, खोल गेलेल्या डोळ्यांकडे, सुजलेल्या घोट्याकडे. मग तिने गोवरी रचीवर ठेवली, हात झटकले आणि भावाकडे वळली.

"दादा, याईच्या रागाले जामीन मी राह्यतो. गाडी जुंप."

पंजाबरावाच्या हातातली वंगणाची चिंधी तशीच राहिली. रुख्मिणी गाठोडे बांधायला घरात गेली. हेच दिवाळीत म्हणायला हिचे काय जात होते, असा प्रश्न नत्थुजीच्या अगदी ओठांवर आला, आणि तो त्याने तिथेच गिळून टाकला.